टॉमीचा बंगला, सीजेची गल्ली

१९८६ साल आहे. रात्रीची वेळ. तुमच्या अंगात माडांची नक्षी असलेला निळा हाफ शर्ट आहे आणि पंधरा वर्षांचा तुरुंगवास नुकताच संपलाय. मघाशी गोदीत ठरलेला सौदा फसला. अंधारातून गोळ्या आल्या. पैसे गेले, माल गेला, तुमच्याबरोबर आलेली माणसं जागच्या जागी मेली. वाचलात ते तुम्ही आणि केन रोझेनबर्ग नावाचा वकील. त्याचा थरकाप अजून थांबलेला नाही. तुमचं नाव टॉमी व्हर्सेटी. ज्यानं तुम्हाला इथं पाठवलं त्या सॉनी फोरेलीला आता हॉटेलवरून फोन करायचाय आणि त्याचा पैसा बुडाल्याचं सांगायचंय.

केनच्या ऑफिसबाहेर गाडी उभी आहे. दार उघडा, आत बसा. इंजिन सुरू होतं आणि त्याच क्षणी रेडिओ लागतो. 'फ्लॅश एफएम'वर मायकेल जॅक्सनचं 'बिली जीन' चालू असतं. डोक्यावर माफियाचं कर्ज आहे, जिवाची शाश्वती नाही, तरी बोटं स्टिअरिंगवर ताल धरू लागतात. 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी' हा गेम तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत खिशात घालतो, तो असा.

आता गाडी सावकाश चालवा. एका बाजूला वाळू आणि समुद्र. दुसऱ्या बाजूला ठेंगण्या हॉटेलांची रांग, प्रत्येकाच्या कपाळावर निऑनची पट्टी. भिंती गुलाबी, पिस्ता, फिकट निळ्या. रोलर स्केट घातलेले लोक फुटपाथवरून जातायत. तुमचा मुक्काम 'ओशन व्ह्यू' हॉटेलात आहे, वाट दोन-चार मिनिटांचीच आहे, पण तुम्ही मुद्दाम वळसा घालून जाता. घाई कशाची? गाणं अजून संपलेलं नाही.

या रस्त्याला खऱ्या जगातही पत्ता आहे. मायामीच्या साउथ बीचवरची ओशन ड्राइव्ह ती हीच. तिथली आर्ट डेको हॉटेलं प्रामुख्यानं १९३० च्या दशकात बांधलेली. पुढं त्यांची रया गेली, पाडापाडीची भाषा सुरू झाली. बार्बरा कॅपिटमन या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झगडून १९७९ मध्ये तो सगळा भाग राष्ट्रीय वारशाच्या यादीत आणला. लिओनार्ड होरोविट्झ या डिझायनरनं त्या इमारतींना फिके, गोड रंग दिले. १९८४ मध्ये 'मायामी व्हाइस' ही टीव्ही मालिका सुरू झाली आणि ते रंग घरोघरी पोचले. त्या मालिकेत टब्ज हा पोलीस रंगवणारा फिलिप मायकेल थॉमस या गेममध्येही तुम्हाला भेटतो. तुमचा भागीदार लान्स व्हान्स याला त्याचाच आवाज आहे. तुमचा स्वतःचा आवाज रे लिओटाचा, 'गुडफेलाज'मधल्या हेन्री हिलचा.

म्हणजे तुम्ही ज्या शहरात उतरलात, ते मायामी आहे खरं, पण पडद्यावर पाहिलेलं मायामी. गेम बनवणारी मंडळी होती स्कॉटलंडमधल्या एडिंबरामध्ये, रॉकस्टार नॉर्थच्या ऑफिसात. ऐंशीच्या दशकातली अमेरिका त्यांच्यापर्यंत आली ती सिनेमातून, टीव्हीतून आणि कॅसेटवरच्या गाण्यांतून. गेम सुरू होताना पडद्यावर कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची निळी लोडिंग स्क्रीन दिसते, तीही त्याच आठवणीतली. २९ ऑक्टोबर २००२ रोजी प्लेस्टेशन २ वर हा गेम आला तेव्हा १९८६ साल फक्त सोळा वर्षं मागं होतं. तरी खेळणाऱ्याला ते हातातून निसटलेल्या जमान्यासारखं वाटलं, कारण निर्मात्यांनी तारखांपेक्षा त्या काळाची धुंदी पकडली होती.

आता तुम्ही धंद्याला लागता. कर्नल कोर्टेझच्या बोटीवर पार्टी, तिथून रिकार्डो डियाझ या कोकेनसम्राटाची ओळख. थोडे दिवस त्याची कामं करता, मग लान्सला घेऊन त्याच्याच बंगल्यात शिरता आणि त्याला संपवता. स्टारफिश बेटावरचा तो बंगला आता तुमचा. आतला लाल गालिच्यांचा जिना आणि प्रशस्त दिवाणखाना पाहून ज्यांनी १९८३ चा 'स्कारफेस' पाहिलाय त्यांना जागा लगेच ओळखू येते.

इथून पुढं व्हाइस सिटीचा खरा खेळ सुरू होतो, आणि तो खरेदीचा आहे. छापखाना घ्या, सत्तर हजार डॉलर. मालिबू क्लब घ्या, एक लाख वीस हजार. टॅक्सी कंपनी, गाड्यांची शोरूम, बोटींचा कारखाना, फिल्म स्टुडिओ, आइस्क्रीमची फॅक्टरी. प्रत्येक ठिकाणची कामं पार पाडली की दारासमोर डॉलरचं चिन्ह गरगरू लागतं आणि रोजची कमाई जमा होत राहते. आइस्क्रीमच्या गाडीतून आइस्क्रीम विकलं जात नाही आणि छापखान्यात पुढं खोट्या नोटा छापल्या जातात. तुम्ही ज्या शहरात पहिल्या रात्री निर्धन उतरला होता, त्या शहरातली दुकानं एकेक करून तुमच्या नावावर होतात. आधी वादळाच्या इशाऱ्यामुळं बंद असलेले पूल एव्हाना उघडलेले असतात, दुसरं बेट खुलं झालेलं असतं. शहर तुमच्यासमोर क्रमाक्रमानं झुकतं.

फक्त समुद्र झुकत नाही. पाय घसरून खोल पाण्यात पडलात की टॉमी मेलाच. चारी बाजूंनी पाणी असलेल्या शहराचा हा धनी पोहू शकत नाही. तो त्या काळच्या तंत्राचा भाग होता, याच मालिकेतल्या आधीच्या 'जीटीए ३' मध्येही असंच होतं. पण खेळताना त्याचा परिणाम वेगळा होतो. ही जागा एखाद्या सिनेमाच्या सेटसारखी बंदिस्त आहे आणि सेटच्या कडेला पाणी आहे, हे तुमच्या मनावर ठसतं. शहराबाहेर काही नाही. गाव नाही, शेत नाही, नातेवाईक नाहीत. टॉमीला आई आहे का, भाऊ आहे का, ते कळतही नाही. तो वडिलांच्या छापखान्यातल्या आठवणीबद्दल ओझरतं बोलतो, तेवढाच त्याचा भूतकाळ.

शेवटी सॉनी स्वतः वसुलीला येतो. तुम्ही त्याला खोट्या नोटा देऊ पाहता, पण लान्सनं आधीच फितुरी केलेली असते. मग बंगल्यातच गोळीबार होतो. लान्स छतावर मरतो, सॉनी जिन्यापाशी. उरता तुम्ही आणि केन, दोघं, आणि शहर सगळं तुमचं. कथा तिथं संपते.

आता थोडं थांबा आणि त्या शहराच्या मागच्या गल्लीत पाहा, जिथं गेम तुम्हाला नेत नाही. १९८० मध्ये, एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक बोटींनी फ्लोरिडाला आले. त्याच वर्षी मे महिन्यात मायामी पेटलं होतं. आर्थर मॅकडफी या कृष्णवर्णीय विमा एजंटाला पोलिसांनी मारहाण करून ठार केलं होतं आणि त्या खटल्यातले पोलीस निर्दोष सुटले. दंगलीत अठरा माणसं मेली. व्हाइस सिटीत क्युबन आहेत, हैतीयन आहेत, त्यांची एकमेकांशी मारामारी आहे. पण ही माणसं इथं का आली, कशी राहतात, पोलीस त्यांच्याशी कसे वागतात, याचा पत्ता नाही. हैतीयन टोळीबद्दलचे संवाद तर इतके हलके होते की २००३ मध्ये हैतीयन-अमेरिकन संघटनांनी विरोध केला आणि कंपनीला पुढच्या प्रतींतून मजकूर वगळावा लागला. ती तक्रार रास्त होती. ज्या शहराला तुम्ही सेट मानता, त्यातली माणसं तुमच्यासाठी गर्दी होऊन बसतात.

आता काळाचा काटा २००५ च्या आसपास आणा, आणि जागा महाराष्ट्रातली घ्या. कुठल्याही तालुक्याच्या गावातला सायबर कॅफे चालेल. प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये बसवलेले कॉम्प्युटर, जाडजूड मॉनिटर, मधेच बीप करणारा यूपीएस. तुमच्या खुर्चीमागं दोन मित्र उभे आहेत आणि तासाचे पैसे तिघांनी मिळून भरलेत. तुम्ही कीबोर्डवर एकेक अक्षर दाबत 'पँझर' हा चीट कोड टाइप करता आणि आभाळातून रणगाडा उतरतो. पोलीस मागं लागले की 'लीव्हमीअलोन'. बंदुका हव्यात तर 'थग्जटूल्स'. अर्थ कुणाला ठाऊक नसतो, स्पेलिंग मात्र सगळ्यांना पाठ.

महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचं हे पहिलं परदेशी शहर. मायामी, न्यूयॉर्क, लंडन यांच्या आधी तिला व्हाइस सिटीतले रस्ते तोंडपाठ झाले. पण तेव्हा फिरणाऱ्या नकली प्रतींमध्ये जागा वाचवायला गाणी आणि संवाद कापलेले असायचे. गाडीत बसलं तरी रेडिओ लागायचा नाही. पात्रांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. ज्या गेमचा प्राण रेडिओत आहे तो आपण मुका खेळलो. कथाही फार कुणी पूर्ण केली नाही. जमीन-इमारतींचा धंदा करणारा एव्हरी कॅरिंग्टन रिमोटवर चालणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर देतो आणि बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बॉम्ब ठेवायला लावतो, त्या मिशनवर कितीतरी जणांची गाडी अडली ती कायमची. मग उरलं ते मोकाट फिरणं. गाडी चोरायची, पोलिसांचे स्टार वाढवायचे, मरायचं, पुन्हा सुरू. त्यातही मजा होती, मोठी मजा होती. पण त्यामुळं झालं काय, की यानंतर आलेला याच मालिकेतला 'सॅन अँड्रियास' आपण त्याच सवयीनं खेळलो. 'हेसोयाम' टाकून पैसे घेतले, 'रॉकेटमॅन' टाकून जेटपॅक घेतला आणि उडत राहिलो. खाली काय चाललंय ते पाहिलंच नाही.

तेव्हा आता खाली उतरू.

१९९२ साल. ऊन रखरखीत आहे आणि हवा नारिंगी. तुमचं नाव कार्ल जॉन्सन, गल्लीत सगळे सीजे म्हणतात. पाच वर्षं तुम्ही लिबर्टी सिटीत होता. धाकटा भाऊ ब्रायन गेला, घरातल्यांनी दोष तुम्हाला दिला, म्हणून घर सोडलंत. आता मोठ्या भावाचा, स्वीटचा, फोन आला. आई गेली. घरावर आलेल्या गोळ्यांत गेली.

लॉस सँटोसच्या, म्हणजे गेममधल्या लॉस एंजेलिसच्या, विमानतळावरून टॅक्सी करता. वाटेत पोलिसांची गाडी आडवी येते. टेनपेनी आणि पुलास्की. टेनपेनीला आवाज आहे सॅम्युअल जॅक्सनचा, आणि तो आवाज चढवायची त्याला गरज पडत नाही. तुमच्याजवळचे पैसे ते काढून घेतात. एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाचा आळ तुमच्यावर घेण्याची धमकी देतात. आणि मग तुम्हाला शत्रुटोळीच्या, बालाजच्या, हद्दीत गाडीतून उतरवून निघून जातात.

त्या बोळात तुम्हाला सापडते एक सायकल.

इथं क्षणभर थांबा, कारण दोन गेममधला फरक तुमच्या हातात आलाय. व्हाइस सिटी तुम्हाला पहिल्यांदा मोटार देतो आणि मोटारीबरोबर संगीत देतो. सॅन अँड्रियास तुम्हाला सायकल देतो, आणि सायकलला रेडिओ नाही. ऐकू येतो तो चेनचा आवाज, कुत्र्यांचं भुंकणं, लोकांची बोलणी. बटण भराभर दाबलं तरच वेग येतो. म्हणजे घरी पोचण्यासाठी तुम्हाला स्वतःला दमावं लागतं. पूल ओलांडून गॅंटनमध्ये शिरता, रस्त्याच्या टोकाला बंद गल्ली, कोंडाळं करून उभी असलेली बैठी घरं. ही ग्रोव्ह स्ट्रीट. आपल्या दारात उभं राहून तुम्ही आत जाता, तर जुना मित्र बिग स्मोक चोर समजून बॅट घेऊन अंगावर येतो. ओळख पटते, मिठी मारतो. मग दोघं दफनभूमीकडं निघता.

आईच्या थडग्यापाशी स्वीट आणि बहीण केंडल यांची भांडणं चालू असतात. तुम्ही इतके दिवस कुठं होता, हा प्रश्न पहिला येतो. तिथंच बालाजची गाडी येते, गोळीबार होतो आणि तुम्ही, स्वीट, बिग स्मोक आणि मित्र रायडर असे चौघं सायकलींवरून पळत सुटता. गेमच्या पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही एकही बंदूक चालवलेली नाही. पण तुम्हाला घर आहे, गल्ली आहे, रुसलेली भावंडं आहेत, पोलिसांची भीती आहे. टॉमीला अख्ख्या गेममध्ये जे मिळालं नाही, ते सीजेच्या पदरात पहिल्याच दुपारी पडतं आणि ओझं होऊन बसतं.

पुढचे दिवस तुम्ही सीजेच्या शरीरात राहता. भूक लागते. 'क्लकिन बेल'मध्ये जाऊन कोंबडी खा, पण हावरटासारखी खाल्लीत तर ओकारी होते. रोज खाऊन बसून राहिलात तर पोट सुटतं आणि पळताना दम लागतो. गॅंटनच्या जिममध्ये घाम गाळा, दंड भरतात. न्हाव्याकडं केस कापा, कपडे बदला, हिरवा रंग घाला, तो आपल्या गल्लीचा. बंदूक चालवत राहिलात तर नेम सुधारतो. गाडी चालवत राहिलात तर वळणावर ती ताब्यात राहते. आणि हो, सीजेला पोहता येतं. पाण्यात उडी मारा, बुडी मारा, श्वास किती टिकतो तेही सरावानं वाढतं. व्हाइस सिटीत पाणी म्हणजे मरण होतं, इथं तो आणखी एक रस्ता आहे.

मग अचानक सगळं हिसकावलं जातं. उड्डाणपुलाखाली सापळा रचलेला असतो. स्वीटला गोळी लागते, तो तुरुंगाच्या दवाखान्यात जातो. बिग स्मोक आणि रायडर, ज्यांच्याबरोबर तुम्ही सायकल चालवलीत, ते शत्रूला विकले गेलेत. टेनपेनी तुमच्या डोक्यावर पिशवी घालून तुम्हाला शहराबाहेर, एंजल पाइन या आडगावात आणून सोडतो. पिशवी काढता तेव्हा समोर पाइनची झाडं, ट्रॅक्टर, धुकं आणि वर माउंट चिलियाड. शहर मागं राहिलं. नकाशा केवढा पसरलाय ते तेव्हा कळतं.

तिथून एखादी जुनी मोटरसायकल घ्या आणि संध्याकाळी निघा. वळणावळणाचा रस्ता, मधेच एखादा पेट्रोल पंप, के-रोज रेडिओ स्टेशनवर कंट्री गाणी. आणखी पुढं चढउतारांचं सॅन फिएरो, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. पलीकडं वाळवंट आणि वाळवंटाच्या पोटात झगमगणारं लास व्हेंच्युरास, म्हणजे लास व्हेगास. तीन शहरं आणि मधला सगळा मुलूख, व्हाइस सिटीच्या जवळपास चौपट. प्लेस्टेशन २ ची मुख्य मेमरी होती अवघी ३२ एमबी. व्हाइस सिटीत एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना लोडिंगचं चित्र यायचं. इथं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाका, रस्त्यात कुठंही थांबावं लागत नाही. तुम्ही पुढं जाता तसा पुढचा तुकडा डिस्कवरून उचलला जातो आणि मागचा सोडून दिला जातो. दूरचं दिसू नये म्हणून हवेत ती नारिंगी धूसरता पसरलेली आहे. यंत्राची मर्यादा झाकायला आणलेलं ते धुकं या मुलुखाला मोठं करतं. २०२१ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि त्यात धुकं विरलं, तेव्हा डोंगरावरून थेट दुसऱ्या शहराचे मनोरे दिसू लागले आणि अख्खं राज्य एकदम लहान वाटलं.

खरं तर या पसाऱ्यात गेम अनेकदा सुटतो. सरकारी हेर टोरेनो तुम्हाला विमान चालवायला शिकायला लावतो, मग तुम्ही जेटपॅक चोरता. कसिनोवर दरोडा घालता. गल्लीतल्या सायकलवरून निघालेली कथा कुठं येऊन पोचली, असा प्रश्न पडतो. बांधणी पाहिली तर व्हाइस सिटी जास्त घट्ट आहे. त्यातला प्रत्येक रंग, प्रत्येक गाणं एकाच सुरात लागतं. सॅन अँड्रियास हपापल्यासारखा सगळंच मुठीत धरू पाहतो आणि मधल्या टप्प्यात पसरट होतो. हे मान्य करूनच पुढं जाऊ.

कारण पुढं एक बंगला आहे. लॉस सँटोसच्या टेकडीवरचा, मॅड डॉग या रॅपरचा. तुम्ही पॅराशूटनं उतरून तो सोडवलाय. तुमच्याकडं कसिनोत हिस्सा आहे, गॅरेज आहे, वाळवंटात विमानांची धावपट्टी आहे. टॉमीची कथा असती तर इथं पडदा पडला असता. तेवढ्यात स्वीट सुटतो. तुम्ही उत्साहानं त्याला आपला पसारा सांगू लागता. तो ऐकून घेत नाही. त्याला परत ग्रोव्ह स्ट्रीटवर जायचंय.

आणि ग्रोव्ह स्ट्रीट आता कशी आहे? आपल्याच गल्लीत कोकेनचे दलाल उभे आहेत. आपलीच पोरं झिंगून पडलीत. हिरवा रंग कुठं दिसत नाही. तुम्ही वाळवंटात विमानं उडवत होता तेव्हा इथं हे घडत होतं. तुम्ही, खेळाडू, इतका वेळ त्या जागेकडं फिरकलाही नव्हता. स्वीट सीजेला जे सुनावतो ते थेट तुमच्या वर्मी लागतं. व्हिडिओ गेम खेळाडूला एरवी बक्षीस देतो. इथं गेमनं बक्षीस दिलं आणि मग विचारलं, हे मिळवताना मागं काय टाकून आलास?

आता बाहेरच्या जगातलं १९९२ पाहा. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यावर बेदम मारलं आणि जवळच्या एका रहिवाशानं ते व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपलं. २९ एप्रिल १९९२ रोजी त्या पोलिसांना ज्युरीनं सोडलं. संध्याकाळपर्यंत शहर पेटलं. साठाहून अधिक माणसं मेली, सुमारे एक अब्ज डॉलरचं नुकसान झालं. गेममधलं टेनपेनीचं पथक 'क्रॅश' हेही हवेतून आलेलं नाही. लॉस एंजेलिस पोलिसांत त्याच नावाचं टोळीविरोधी पथक खरंच होतं. रॅम्पार्ट विभागातल्या त्याच्या माणसांनी खोटे पुरावे पेरल्याचं आणि अमली पदार्थ चोरल्याचं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस उघड झालं आणि २००० मध्ये ते बंद झालं.

गेमच्या शेवटाकडं टीव्हीवर बातमी येते. टेनपेनी निर्दोष. तुम्ही गाडी घेऊन बाहेर पडता. रस्त्यावर धूर आहे, गाड्या जळतायत, लोक दुकानांतून टीव्ही उचलून पळतायत. स्वीटला घरी पोचवायचंय. ज्या रस्त्यांवरून पहिल्या दिवशी सायकलवर गेला होता, त्यांवरून आता वाट काढत जाता. मायामीतला १९८० चा निकाल व्हाइस सिटीनं दाराबाहेर ठेवला होता. बारा वर्षांनंतरचा तसाच निकाल सॅन अँड्रियासनं तुमच्या गाडीच्या काचेसमोर आणून ठेवला.

हे एकाएकी घडलं नाही. या वेळी डॅन हाउझर आणि जेम्स वॉरल यांच्याबरोबर लेखनात डीजे पूह होता, लॉस एंजेलिसच्या हिप-हॉपमधला माणूस. सीजेचा आवाज यंग मेलेचा, तोही त्याच शहरातला रॅपर. या गेमवरही सिनेमाची छाया आहे, पण तो सिनेमा जॉन सिंगलटनच्या 'बॉइज एन द हूड'च्या जातीचा, त्याच वस्त्यांत वाढलेल्या माणसानं केलेला. त्यामुळं ग्रोव्ह स्ट्रीटवरची भांडणं, टोमणे आणि माया कानाला खरी लागतात.

दोन्ही गेममध्ये दोष आहेत आणि ते झाकू नयेत. बायकांना दोन्हीकडं फार कमी जागा आहे. 'सॅन अँड्रियास'मधलं कॅटलिनासारखं पात्र नुसतं भडक करून ठेवलंय. 'सॅन अँड्रियास'च्या फाइलींमध्ये दडवलेला एक अश्लील भाग २००५ मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेत त्याचं वयोमानांकन बदललं आणि तो दुकानांतून काढावा लागला. हिंसा तर दोन्हींत भरपूर. सायबर कॅफेत दहा-बारा वर्षांची पोरं हे खेळत होती ते चुकीचंच होतं. हे मोठ्यांसाठीचे गेम आहेत, आणि मोठं झाल्यावरच त्यांतलं काही कळतं.

माझं मत असं. व्हाइस सिटी जास्त देखणा आहे, जास्त नेमका आहे, आणि मूड म्हणून त्याला तोड नाही. पण थोर गेम सॅन अँड्रियास. टॉमीनं शहर घेतलं आणि कथा संपली, कारण घेण्यापलीकडं त्याला काही नव्हतं. सीजेनंही सगळं मिळवलं, आणि त्यानंतर त्याच्या कथेला धार आली. पळू पाहणाऱ्या टेनपेनीची अग्निशमन गाडी पुलावरून खाली येते ती ग्रोव्ह स्ट्रीटवरच. तिथं भावंडं आणि मित्र उभे असतात. सीजे शेवटी गल्लीत चक्कर मारायला निघतो. गुन्हेगारीवरच्या गेमनं गुन्ह्याला गल्ली दिली, नातं दिलं आणि त्याची किंमतही दाखवली. २६ ऑक्टोबर २००४ ला आलेल्या या गेमइतका खप प्लेस्टेशन २ वर दुसऱ्या कुठल्याच गेमचा झाला नाही. लोकांना नुसता मोठा नकाशा नको होता, एवढं त्यातून दिसतं.

डिसेंबर २०२३ मध्ये 'जीटीए ६'ची पहिली झलक आली आणि मालिका व्हाइस सिटीला परतणार हे जाहीर झालं. तेव्हा जुने दोन्ही गेम आता पुन्हा, याच क्रमानं खेळा. चीट टाकू नका, संवाद ऐका, रेडिओ चालू ठेवा. ज्यांनी लहानपणी फक्त रणगाडा आणि जेटपॅक पाहिला, त्यांनी निदान स्वीट तुरुंगातून सुटेपर्यंत तरी 'सॅन अँड्रियास' सोडू नये. त्याआधी या मालिकेबद्दल मत बनवण्यात अर्थ नाही.